राक्षस, घूल आणि ट्रोल: लोर आणि स्टॅट ब्लॉक जुळत नसतील तर टेबलवर काय चालवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) डी अँड डीच्या, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवायच्या खेळाच्या, फिफ्थ एडिशनमध्ये पार्टीसमोर (खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीसमोर) राक्षस आणला, मॉन्स्टर मॅन्युअलमधला, वाघाच्या तोंडाचा. टेबलवर सगळे मराठी, त्यामुळे ते लगेच धरूनच चालले की रात्री याची ताकद वाढणार, घटोत्कचाची वाढली होती तशी, म्हणजे याला दिवसा गाठायचा. डीएम म्हणाला स्टॅट ब्लॉकमध्ये, म्हणजे मॉन्स्टरच्या आकड्यांच्या आणि नियमांच्या चौकटीत, असं काही नाहीये. खेळाडू म्हणाले मग हा राक्षस कसला. आणि पुढे लढाईत विझार्डचे (जादूगार कॅरेक्टरचे) स्पेल एकामागून एक वाया गेले तेव्हा तो वैतागला की हे आम्हाला आधी कळायचा मार्गच नव्हता. तर लोर (मॉन्स्टरमागची गोष्ट) मोठा की मेकॅनिक्स (नियम), असं विचारलंय.

बरीच वर्षं डीएमिंग करतोय म्हणून सविस्तर लिहितो, कारण याचं एका ओळीचं उत्तर देता येतं (लढाई सुरू झाली की स्टॅट ब्लॉक, त्याच्या आधी आणि नंतर लोर) पण ते अर्धंच आहे. या दोन तक्रारी वरून उलट दिसतात, एकीत लोर होता पण नियम नव्हता, दुसरीत नियम होता पण त्याचा लोर कुणाच्या कानावर गेला नव्हता, पण मुळात तक्रार एकच आहे. खेळाडूला मॉन्स्टरबद्दल जे कळतं त्याच्या जोरावर त्याला काहीतरी करता आलं पाहिजे, आणि मॉन्स्टर जे करतो ते आधी कुठेतरी कळण्यासारखं असलं पाहिजे. मी प्रत्येक मॉन्स्टर एवढ्याच गोष्टीवर तपासतो.

आधी एक गैरसमज काढून टाकूया, की लोर म्हणजे मूळ, खरी गोष्ट आणि नियम म्हणजे नंतर कुणीतरी त्याचं केलेलं गणित. या खेळात कितीतरी वेळा बरोबर उलट झालंय. घूलचंच बघा. घूलच्या (मुडदे खाणाऱ्या भुताच्या) स्पर्शाने माणूस लुळा पडतो पण एल्फ (खेळातली माणसासारखी एक जमात) पडत नाही, हा नियम १९७४च्या पहिल्या डी अँड डीपासून आहे, आणि तिथे कारण एका शब्दानेही दिलेलं नव्हतं, एल्फ सोडून, बस. मग २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये वाचा, तिथे डोरेसेनची गोष्ट आहे, मूळचा एल्फ, ऑर्कस या मृतांच्या दैत्यराजाच्या नादी लागून पहिला घूल झाला, पुढे संकटात सापडल्यावर एल्फांच्या देवांकडे वळला आणि त्यांना त्याची दया आली, तेव्हापासून एल्फांना घूलचा स्पर्श बाधत नाही. म्हणजे चार शब्दांच्या अपवादाला चिकटवलेली पुराणकथा आहे ती, आणि मला ती फार आवडते, कारण आता टेबलवर एल्फ कॅरेक्टर घूलसमोर उभा राहिला की त्याच्याकडे ‘मला नियमात सूट आहे’ याच्यापेक्षा जास्त काहीतरी असतं, त्याला त्या सुटीची थोडी लाजही वाटू शकते.

जिलेटिनस क्यूब (जेलीचा चालता ठोकळा) दहा फुटांचा का, तर ग्राफ पेपरवर काढलेल्या डंजनचा (तळघरातल्या भुलभुलैयाचा) कॉरिडॉर दहा फूट रुंद असतो म्हणून. तो प्राणी नकाशातून जन्माला आलाय. रस्ट मॉन्स्टर, आउलबेअर आणि ब्यूलेट हे तिघे मॉन्स्टर तर खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सला मिळालेल्या हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरून आले, आधी आकार हातात आला, मग हा करतो काय ते ठरलं, आणि जंगलात कुठे राहतो, खातो काय वगैरे सगळ्यात शेवटी. त्यामुळे ‘लोरमध्ये असं लिहिलंय’ हे वाक्य ऐकलं की मी एवढंच म्हणतो की छान, पण ते कुणीतरी कधीतरी खेळ चालावा म्हणूनच लिहिलंय, आपल्याकडेही खेळ चालावा म्हणून बदलता येतं.

आता राक्षस. डी अँड डीचा राक्षस १९७५मध्ये द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू या नियतकालिकात आला, मग १९७७च्या पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, आणि तो सरळ रामायणातून आलेला नाही, हे आपल्या लोकांना माहीत नसतं म्हणून गडबड होते. त्याच्यामागे १९७४ची एक अमेरिकन टीव्ही मालिका आहे, कोल्चॅकची, तिच्या एका भागात राक्षस येतो, समोरच्याचा ज्या माणसावर विश्वास आहे त्याचं रूप घेऊन, आणि मंतरलेल्या क्रॉसबो बोल्टने मरतो. गायगॅक्सने हे जवळजवळ तसंच्या तसं नियमात उतरवलं: मनातलं वाचतो, ओळखीचं रूप दाखवतो, आठव्या लेव्हलच्या खालचे स्पेल लागत नाहीत, आणि क्लेरिकने (पुजारी कॅरेक्टरने) मंतरलेला क्रॉसबो बोल्ट लागला की खलास. आणि वाघाचं डोकं? ते पक्कं झालं चित्रामुळे, डेव्हिड ट्रॅम्पियरने वाघाच्या तोंडाचा, पाइप ओढत बसलेला ऐटबाज राक्षस काढला आणि तो इतका झकास होता की पुढच्या सगळ्या एडिशनांनी तोच धरला. म्हणजे या एका मॉन्स्टरमध्ये आपल्या कथा, टीव्हीचा एक एपिसोड आणि एका चित्रकाराचा हात असं सगळं आहे. त्यामुळे ‘हा आपला राक्षस नाही’ ही खेळाडूंची तक्रार बरोबरच आहे, पण म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, उलट नीट चालवला तर मारीचाच्या आणि भिक्षा मागायला आलेल्या रावणाच्या तो बराच जवळ जातो, कारण त्याचं खरं काम फसवणं आहे.

२०१४चा स्टॅट ब्लॉक समोर ठेवा. सीआर (किती अवघड) १३, एसी (मार लागणं किती कठीण) १६, एचपी (किती मार सोसतो) ११०. एवढ्या सीआरच्या मानाने अंगाने अगदीच हलका, तीन-चार राउंडात (लढाईच्या फेऱ्यांत) फायटर त्याला आडवा करेल. त्याची ताकद दुसरीकडे आहे: सहाव्या लेव्हलपर्यंतचा एकही स्पेल त्याच्या इच्छेशिवाय त्याच्यावर चालत नाही आणि त्याला शोधूही शकत नाही. सातव्या लेव्हलचा स्पेल विझार्डला मिळतो तो स्वतः तेराव्या लेव्हलला पोचल्यावर. म्हणजे दहाव्या-अकराव्या लेव्हलच्या पार्टीतला विझार्ड त्याच्यासमोर थेट काहीच करू शकत नाही, आणि हे त्याला इनिशिएटिव्ह रोल झाल्यावर, म्हणजे लढाई सुरू झाल्यावर, कळलं तर तो वैतागणारच, त्यात त्याची काहीच चूक नाही.

पण हाच नियम लढाईच्या आधी वापरला तर तो लोर होतो. माझ्या कॅम्पेनमध्ये एका बंदरातला सावकार राक्षस होता. पार्टी त्याच्याकडे जेवायला गेली, विझार्डने सहज, बाकीच्या पाहुण्यांवर नजर ठेवावी म्हणून डिटेक्ट थॉट्स हा मन वाचायचा स्पेल टाकला. मी एकेकाचे विचार सांगत गेलो, कुणाला भूक लागलीय, कुणाच्या डोक्यात कर्ज आहे, वाढपी दमलाय, आणि सावकाराकडे आल्यावर सांगितलं की तिथे काहीच नाही, सेव्ह (स्पेल टाळायचा फासा) वगैरे काही मागितला नाही त्याने, ती खुर्ची रिकामी असल्यासारखं आहे. टेबलवर सगळे गप्प झाले. मग निघताना सावकाराने पार्टीतल्या रोगशी (चोर-गुप्तहेर छापाच्या कॅरेक्टरशी) हात मिळवला. आता राक्षसाचे तळवे उलटे असतात, हा निव्वळ लोर, स्टॅट ब्लॉकमध्ये त्याचा एक आकडा नाही. पण राक्षस रूप घ्यायला वापरतो तो डिसगाइज सेल्फ हा स्पेल फक्त डोळ्यांना फसवतो, हात लावून बघितलं तर टिकत नाही, हे स्पेलच्या वर्णनात स्पष्ट आहे. दोन्ही एकत्र केलं की मिळतं ते असं: दिसायला साधा गोरागोमटा हात, पण पकडल्यावर अंगठा भलत्या बाजूला लागतो. मी एवढंच सांगितलं. रोगने चेहरा हसरा ठेवला, बाहेर आला आणि म्हणाला, आपण इथून आत्ता निघायचं.

तिसरी खूण नखांची. राक्षसाचं नख लागलं की शाप बसतो, शॉर्ट रेस्ट असो की लाँग, विश्रांतीचा काही फायदाच मिळत नाही, झोपेत भयानक स्वप्नं. लढाईच्या पाचव्या मिनिटाला हे सांगितलं तर ती नुसती एक ओळ असते. पण त्याआधी गावात एखादा पहारेकरी भेटू दे, डोळे खोल गेलेले, रोज झोपतो आणि रोज होता तसाच थकलेला उठतो, दंडावर चार जुने ओरखडे, वैद्य झाले देवऋषी झाले फरक नाही. क्लेरिकने रिमूव्ह कर्स हा शाप उतरवायचा स्पेल टाकला की तो माणूस बऱ्याच दिवसांनी गाढ झोपतो. झालं, पार्टीला शाप माहीत, उतारा माहीत, आणि त्या पहारेकऱ्याला हे कुणी केलं हे जाणून घ्यायची इच्छाही आहे. नियमातली एक ओळ तुम्ही एका माणसाच्या अंगावर दाखवलीत. मला विचाराल तर लोर सांगायची यापेक्षा चांगली पद्धत नाही, पानभर इतिहास वाचून दाखवण्यापेक्षा तर नक्कीच.

विझार्डला लढाईतही काम राहतंच, हे आधी कळलं असेल तर. राक्षसावर स्पेल चालत नसेल पण आपल्या फायटरवर हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) चालतो. ती माहिती त्याच्याकडे वेळेत पोचली की तोच खेळाडू वैतागण्याऐवजी प्लॅन करायला लागतो.

आता रात्रीच्या ताकदीचं. खेळाडूंनी जे म्हटलं त्याला आधार भक्कम आहे. महाभारतात चौदाव्या दिवशी युद्ध सूर्यास्तानंतरही चालू राहिलं आणि घटोत्कच रात्री असा काही भडकला की कर्णाला अर्जुनासाठी राखून ठेवलेली एकदाच वापरायची शक्ती त्याच्यावर टाकावी लागली. डीएमकडे इथे दोन प्रामाणिक रस्ते आहेत. एक, स्पष्ट सांगायचं की या जगात तसं नाही, आणि तेही कॅरेक्टरच्या तोंडून, म्हणजे एखादी रिलिजन किंवा अर्कानाची चेक (कॅरेक्टरला धर्म किंवा जादूबद्दल काय माहीत आहे ते ठरवणारा फासा) करू द्यायची आणि ‘तुझ्या गुरुकुलात शिकवलेलं की हे नरकातून आलेले, दिवस-रात्रीचा यांना फरक पडत नाही’ असं उत्तर द्यायचं. दोन, मान्य करायचं, पण मग त्याला नियम द्यायचा. मान डोलवून ‘हो हो रात्री डेंजर असतो’ म्हणायचं आणि स्टॅट ब्लॉक तोच चालवायचा हे मात्र करू नका, खेळाडूंनी त्या माहितीवर अख्खा प्लॅन बांधलेला असतो.

नियम द्यायचा तर मी रात्रीची ताकद वाढवण्यापेक्षा दिवसाची कमी करेन. सीआर १३चा मॉन्स्टर आहे तसाच रात्री ठेवायचा, आणि सूर्य वर असताना त्याचं स्पेलपासूनचं कवच सहाव्या लेव्हलवरून तिसऱ्यावर आणायचं. मग चौथ्या लेव्हलचे स्पेल दिवसा चालतात, विझार्ड खूश, ‘दिवसा गाठू’ हा प्लॅन खरा ठरतो, आणि डीएमला रात्रीचं नवीन गणित मांडावं लागत नाही. पण राक्षस मूर्ख नाही, त्याला स्वतःची कमजोरी माहीत आहे, म्हणजे तो दिवसा खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत बसणार, सगळे व्यवहार दिवेलागणीनंतर करणार, आणि गावात कुणीतरी म्हणणारच की सावकार दिवसा कधी भेटत नाही बुवा. नियम बदलला की लोर आपोआप बदलतो, तो बदल गावापर्यंत पोचवा.

आपल्या कथांमधून मॉन्स्टर काढताना हे सोपं जातं, कारण त्यांच्यात नियम आधीच लिहिलेला असतो. रावणाने देव, गंधर्व, यक्ष, दानव सगळ्यांकडून अभय मागितलं आणि माणसाला मोजलंच नाही. इम्युनिटीची यादी आणि त्यातलं भोक दोन्ही तयार. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून दुसरा रक्तबीज. डी अँड डीमध्ये याचा चुलत भाऊ आहे, ब्लॅक पुडिंग, स्लॅशिंग (कापणारं) किंवा लाइटनिंग (विजेचं) डॅमेज झालं की त्याचे दोन होतात. रक्तबीज करायचा तर मी स्लॅशिंग आणि पिअर्सिंगच्या (भोसकण्याच्या) प्रत्येक घावाला एक एचपीचा एक नवा उभा करेन, आणि ‘जमिनीवर’ ही अट मात्र काटेकोर पाळेन, कारण सगळी मजा तिथे आहे. खेळाडू मग त्याला नदीत ढकलतील, पुलावर गाठतील, खाली घोंगडी पसरतील, काठीने बडवतील. यातलं काहीही मी आधी लिहून ठेवत नाही.

उलट बाजूचं उदाहरण ट्रोल. तो पुन्हा भरून येतो आणि आग किंवा ॲसिडने थांबतो, हे आता प्रत्येक खेळाडूला पाठ आहे, त्याचं कॅरेक्टर पहिल्यांदा गावाबाहेर पडलेलं असलं तरी. इथे लोर लपवण्याचा अट्टहास करू नका, ‘तुझ्या कॅरेक्टरला हे माहीत नाही’ म्हणून कुणाला जबरदस्तीने तलवारच मारायला लावणं कंटाळवाणं असतं. माहीत आहे तर असू दे. २०१४च्या नियमात दर टर्नला १० एचपी परत येतात, आग लागली तर पुढच्या टर्नला येत नाहीत, एवढंच. गंमत दुसरीकडून आणा, पाऊस पडतोय, मशाल टिकत नाहीये, किंवा तुटलेला हात आपला आपण सरपटत निघालाय. तो हात २०१४च्या पुस्तकात बाजूच्या चौकटीत ऐच्छिक नियम म्हणून होता आणि २०२५च्या मॅन्युअलमध्ये थेट मुख्य ब्लॉकमध्ये आला, जे मला पटलं, कारण ट्रोलबद्दल सगळ्यांना आठवतं तेच हे आहे, ते बाजूला ठेवण्यात अर्थ नव्हता.

नुसत्या नियमातून स्वभाव दाखवण्यात माझ्या मते फोर्थ एडिशन सगळ्यात पुढे होती, २००८ची, जिला लोक लोर नाही म्हणून नावं ठेवतात. वर्णन कमी होतं हे खरं, आधीच्या सेकंड एडिशनच्या मॉन्स्ट्रस मॅन्युअलमध्ये एकेका प्राण्याला पूर्ण पान, सवयी, समाज, इकॉलॉजी असं सगळं असायचं आणि ते वाचायला अजूनही सुंदर आहे. पण फोर्थमधला कोबोल्ड (सरड्यासारखा बुटका प्राणी) मायनर ॲक्शन (टर्नमधली छोटी कृती) खर्चून एक चौकोन सरकतो, दर टर्नला. गॉब्लिनवर वार केला आणि चुकला तर तो लगेच बाजूला होतो. दोन राउंडात खेळाडू म्हणतात, अरे हे निसटताहेत, हातात येत नाहीत. पान वाचून दाखवलेलं नाही तरी कोबोल्ड म्हणजे काय ते कळलं. कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या दुसऱ्या खेळात तर हे आणखी पुढे जातं, तिथे कथुलू या महाराक्षसी देवाला बघितल्यावर सॅनिटी (मनाचा तोल) रोल जमला तरी १डी१० (दहा बाजूंच्या फाशावर पडेल तेवढी) जाते आणि चुकला तर १डी१००. सॅनिटी जास्तीत जास्त ९९. त्या एका आकड्यानंतर वर्णन करायला फारसं उरत नाही.

शेवटचा मुद्दा अलाइनमेंटचा (कॅरेक्टर किंवा मॉन्स्टर चांगला की दुष्ट याच्या शिक्क्याचा), कारण राक्षसाच्या बाबतीत तो टाळता येत नाही. स्टॅट ब्लॉकच्या वरच्या ओळीत लॉफुल ईव्हिल वगैरे लिहिलेलं असतं, दिसतं नियमासारखं, पण फिफ्थ एडिशनमध्ये त्याने जवळजवळ काहीच होत नाही, डिटेक्ट ईव्हिल अँड गुडसुद्धा अलाइनमेंट बघत नाही, प्राण्याचा प्रकार बघतो. २०१४च्या स्टॅट ब्लॉकमधला राक्षस हा मोजक्या अपवादांपैकी एक: तिथे गुड कॅरेक्टरने जादूच्या शस्त्राने पिअर्सिंग डॅमेज केलं तर ते दुप्पट. १९७७च्या त्या मंतरलेल्या बोल्टचा हा उरलेला धागा आहे. आता बऱ्याच टेबलांवर कॅरेक्टर शीटवर अलाइनमेंट लिहितच नाहीत, मग हा नियम मेलेला राहतो. तो टाकून देऊ नका. मी ‘गुड’ काढून तिथे राक्षसाने देऊ केलेलं आमिष ज्याने नाकारलंय त्याचं शस्त्र असं ठेवतो. राक्षस फसवणारा आहे, तो प्रत्येकाला काहीतरी देऊ करणारच, कर्जमाफी, हरवलेल्या भावाचा पत्ता, काहीही. ज्याने नाही म्हटलं त्याचा बाण दुप्पट लागतो. ही गोष्ट देवळातल्या एखाद्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडून आधी कानावर घालायची, आणि मग सावकाराला बोलू द्यायचं.

तुमच्या टेबलवर तो राक्षस मेला असेल तर तेही वाया गेलेलं नाही. नाइन हेल्सच्या (खेळातल्या नऊ नरकांच्या) बाहेर मेलेला राक्षस परत तिथेच जातो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा उभा राहतो, सगळं आठवतं त्याला आणि मारणाऱ्याचा सूड घ्यायला येतो, तो नाही सापडला तर त्याच्या घरच्यांवर निघतो. २०१४च्या स्टॅट ब्लॉकमध्ये याची एक ओळही नाही. दोन-तीन लेव्हल जाऊ द्या, आणि मग पार्टी कुठेतरी दमून परत येईल तेव्हा विझार्डच्या आईला सांगू द्या की तुझा एक जुना मित्र येऊन गेला, फार चांगला माणूस, अंधार पडल्यावर आला होता, जेवून गेला. तुमच्या विझार्डला आता काय विचारायचं ते बरोबर माहीत असेल.